सॉफ्टवेअर कंपनीचं वागणं पटत नसेल, तर तिचं सॉफ्टवेअर वापरावं का?

प्रश्न पारोळा तालुक्यातल्या एका पतसंस्थेच्या तरुण व्यवस्थापकांचा आहे. संस्थेचं ईमेल, फाइली आणि ऑफिसचं सगळं लिखाण एका मोठ्या परदेशी कंपनीच्या क्लाउडवर चालतं. ही कंपनी लढाई करणाऱ्या लष्करांना सेवा पुरवते असं वाचनात आल्यावर संचालक मंडळातल्या एका ज्येष्ठ आबांनी सभेत विषय काढला, "अशा कंपनीला आपल्या सभासदांचा पैसा का द्यायचा?" दुसऱ्या संचालकांचं म्हणणं, "सॉफ्टवेअर हे अवजार आहे. काम होतंय ना? मग ते कोणी बनवलं याच्याशी आपल्याला काय देणंघेणं?" व्यवस्थापक विचारतात, यात बरोबर कोण?

जळगाव-धुळे भागात पतसंस्था, दूध सोसायट्या, डाळमिल, जिनिंग, शाळा अशा ठिकाणी सॉफ्टवेअर बसवणं, बदलणं आणि अडलं की निस्तरणं हेच माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. भाऊ, माझं सरळ मत सांगतो. कंपनीच्या वागण्याचा तुमच्या निर्णयावर परिणाम व्हायलाच हवा. पण तिचं वाईट वागणं सॉफ्टवेअरमधून तुमच्या सभासदांपर्यंत पोहोचतं की नाही, हे आधी तपासा. पोहोचत असेल तर चर्चेला जागाच नाही, सोडायचं. पोहोचत नसेल तर तो संचालक मंडळाच्या विवेकाचा प्रश्न आहे, आणि तो शांतपणे, वेळ घेऊन सोडवता येतो. मात्र दोन्ही वेळेला सोडता येण्याची सोय तुमच्या हातात लागते, आणि बहुतेक संस्थांकडे तीच नसते.

अवजाराचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सगळीकडे ऐकू येतो. लोहाराकडून विळा आणला, पैसे दिले, व्यवहार संपला. पुढे तो लोहार कसा वागतो याने विळ्याची धार कमी होत नाही. सॉफ्टवेअरचा व्यवहार असा संपत नाही. दरवर्षी नूतनीकरण, दर महिन्याला अपडेट, तुमची माहिती त्यांच्या सर्व्हरवर, लॉगिन त्यांच्या मर्जीवर. रोजचा संबंध आहे हा. आणि ज्याच्याशी रोजचा संबंध ठेवायचा त्याची वागणूक आपण बघतोच, जामीनदार घेताना बघतो तशी.

पण म्हणून कंपनीतल्या कोणाचंही कुठलंही कृत्य सॉफ्टवेअर टाकून द्यायला पुरेसं होत नाही. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीत रायझरएफएस नावाची फाइलप्रणाली होती, म्हणजे डिस्कवर फाइली कशा साठवायच्या हे सांभाळणारा भाग. ती लिहिणारा हान्स रायझर २००८ मध्ये पत्नीच्या खुनाबद्दल दोषी ठरला. याहून घोर गुन्हा कोणता? तरी ती प्रणाली लिनक्समध्ये पुढे कितीतरी वर्षं राहिली आणि जानेवारी २०२५ च्या ६.१३ या आवृत्तीत काढली गेली, तीही सांभाळणारं कोणी उरलं नव्हतं म्हणून. मला हे योग्य वाटतं. त्या माणसाचा गुन्हा डिस्कवर साठवलेल्या फाइलीपर्यंत पोहोचत नव्हता, आणि ती वापरल्याने त्याच्या हाती कोणतीही नवी ताकद जात नव्हती.

याच्या अगदी उलट प्रकरण ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं. हिशेब सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ते माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. तिथे फुजित्सु कंपनीची होरायझन नावाची हिशेबप्रणाली १९९९ पासून शाखाशाखांतून बसली. शाखा चालवणाऱ्या माणसांच्या हिशेबात संगणक तूट दाखवू लागला. ती माणसं म्हणत होती की पैसे आम्ही घेतले नाहीत. वरून उत्तर यायचं की प्रणाली बरोबर आहे, तूट भरा. कोणी घर गहाण टाकलं, कोणी तुरुंगात गेलं. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने मान्य केलं की प्रणालीत दोष होते, त्यामुळे शाखांच्या हिशेबात तूट दिसू शकत होती, आणि कंपनीच्या लोकांना शाखेच्या नोंदींमध्ये बाहेरून हात घालता येत होता. मे २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. आणि इतकं सिद्ध झाल्यावरही होरायझन लगेच बंद करता आलं नाही. न्यायालयाचा निकाल लागून वर्षं लोटली तरी शाखांचा व्यवहार त्याच प्रणालीवर चालत राहिला, कारण तिच्या जागी दुसरं काही तयार नव्हतं.

हे दूरदेशीचं वाटत असेल तर तुमच्या पिग्मी एजंटकडे बघा. आपल्याकडच्याच एका संस्थेत एजंट मोबाइल अ‍ॅपवर दैनिक ठेव गोळा करायचा. बाजारपेठेच्या एका गल्लीत रेंज धड नव्हती. अ‍ॅपने नोंद पाठवली, पोच आली नाही, म्हणून अ‍ॅपने ती पुन्हा पाठवली. सर्व्हरवर दोन्ही जमा झाल्या. संध्याकाळी भरणा करताना संगणक जास्त जमा दाखवत होता आणि एजंटच्या पिशवीत पैसे तेवढेच होते. शाखेने तूट त्याच्या कमिशनमधून कापायला सुरुवात केली. सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं, "सिस्टिम चुकत नाही, एजंटला विचारा." तो एजंट माझ्यासमोर बसून एवढंच म्हणत होता, "यामा मनी काय चूक शे?" (यात माझी काय चूक आहे?) नोंदींची यादी वेळेनुसार लावली तेव्हा तेच खातं, तीच रक्कम, काही सेकंदांच्या अंतराने दोनदा, अशा जोड्या दिसू लागल्या. सगळ्या त्याच गल्लीतल्या दुकानांच्या. दुसऱ्या नोंदी रद्द झाल्या आणि कापलेलं कमिशन त्याला परत मिळालं. पण यादी कोणी काढली नसती तर? चूक प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते. ती लपवून गरीब माणसाच्या माथी मारायची की मान्य करून दुरुस्त करायची, हा कंपनीच्या नीतीचा भाग आहे, आणि त्याची किंमत थेट तुमचा माणूस मोजतो. अशा कंपनीचं सॉफ्टवेअर कितीही स्वस्त असलं तरी ठेवू नका.

सभासदांच्या माहितीचंही तसंच. तुमच्या पिग्मी अ‍ॅपच्या परवानग्या आजच बघा. एजंटच्या फोनवर सेटिंगमध्ये जा, अ‍ॅपच्या नावावर टिचकी मारा आणि परवानग्यांचं पान उघडा. पावती छापायला ब्लूटूथ लागतं, ते ठीक. पण संपर्क यादी कशाला? मायक्रोफोन कशाला? झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनी नेमकी हीच संपर्क यादी उचलून कर्जदाराच्या नातेवाइकांना, सोयऱ्यांना धमक्या दिल्या, बदनामी केली. त्यावर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत डिजिटल कर्ज देणाऱ्या अ‍ॅपना फोनमधल्या फाइली, संपर्क आणि कॉलच्या नोंदींना हात लावायला मनाई केली. तुमचं अ‍ॅप कर्जाचं नसेल, पण तोच प्रश्न विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि पटणारं उत्तर आलं नाही तर ते अ‍ॅप बंद करणं हे तुमचं काम आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानेही जबाबदारी संस्थेवरच टाकली आहे. माहिती प्रत्यक्ष हाताळणारी कंपनी दुसरी असली तरी जबाबदार तुम्हीच. सुरक्षेत हलगर्जी झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. तयारीला तोवरचाच वेळ आहे.

आता आबांचा प्रश्न. त्यांचा आक्षेप वेगळ्या जातीचा आहे. तुमच्या सभासदाची माहिती त्या युद्धात जात नाही, तुमचा हिशेब चुकत नाही. पण तुमचा पैसा मात्र तिकडे जातो. काही जण याला म्हातारपणाचा हट्ट म्हणतील. मी म्हणणार नाही. ज्या खान्देशात डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं आणि तिथे खादी-ग्रामोद्योगाचं प्रदर्शन मांडलं गेलं, तिथल्या माणसाला आपला पैसा कोणाकडे जातो हे विचारायला शिकवावं लागत नाही. त्यांच्या पिढीने हेही ऐकलेलं असतं की परदेशी कापड सोडणाऱ्याच्या हाती चरखा दिलेला होता. नुसतं सोडा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

बहिष्काराने काही होतं का? होतं, पण कसा केला यावर आहे. १९७० मध्ये अमेरिकेतल्या पोलरॉइड कंपनीच्या दोन कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांच्या लक्षात आलं की आपल्या कंपनीचं झटपट फोटोचं तंत्र दक्षिण आफ्रिकेत काळ्या लोकांच्या सक्तीच्या पासबुकांसाठी वापरलं जातंय. कंपनीने तिथून बाहेर पडावं अशी त्यांनी उघड मागणी केली, लोकांना पोलरॉइड घेऊ नका म्हणून सांगितलं, स्वतःच्या नोकऱ्या गमावल्या. कंपनी १९७७ मध्ये तिथून बाहेर पडली. सात वर्षं लागली. मागणी स्पष्ट होती आणि ती कंपनीच्या कानावर सतत जात होती. तुमच्या संस्थेने गुपचूप पाच-दहा लॉगिन बंद केले तर कंपनीला ते कळणारही नाही. म्हणून सोडायचं असेल तर लेखी कारण देऊन सोडा, आणि तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या इतर संस्थांना ते पत्र दाखवा. संचालकांपैकी कोणाकडे अशा कंपनीचे शेअर असतील तर तेही एक दार आहे. अमळनेरकरांना हे सांगायला नको. १९४५ साली तिथे वनस्पती तुपासाठी सुरू झालेली कंपनी पुढे विप्रो झाली आणि गावातल्या लोकांनी तिचे शेअर जपले. शेअरधारक वार्षिक सभेत उभा राहून प्रश्न विचारू शकतो. ग्राहकाला तो हक्क नाही, तो फक्त पैसे थांबवू शकतो.

पण आबांनाही एक गोष्ट नम्रपणे सांगावी लागेल. संचालकांचे हात स्वच्छ राहावेत म्हणून ठेवीदाराची रांग वाढवता येणार नाही. आपल्या जिल्ह्याने पतसंस्थांत अडकलेल्या ठेवी भोगल्या आहेत. म्हाताऱ्या बायका पासबुक घेऊन कार्यालयांचे उंबरठे झिजवत होत्या. इथे 'सर्व्हर बंद आहे, उद्या या' हे वाक्य साधं राहत नाही, दुपारपर्यंत गावात अफवा फिरते. म्हणून जे हलवता येतं ते आधी हलवा. पत्रं, ठराव, नोटिसा, तक्ते हे लिब्रेऑफिस या मोफत, मुक्त ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये नेणं फार अवघड नाही. सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी २०१० मध्ये ओरॅकलने घेतली, तेव्हा तिच्या ओपनऑफिसवर काम करणाऱ्या मंडळींनी वेगळं होऊन लिब्रेऑफिस उभं केलं. मालकाचं वागणं पटेना म्हणून घर बदलल्याचं ते ठळक उदाहरण आहे, आणि कोणालाही कोड घेऊन पुढे नेता येईल अशा मुक्त परवान्यामुळेच ते शक्य झालं. ईमेलला देशी-विदेशी पर्याय आहेत. कोअर बँकिंगला, म्हणजे खाती, ठेवी, कर्जं सांभाळणाऱ्या मुख्य प्रणालीला, मात्र घाईने हात लावू नका.

मुक्त सॉफ्टवेअर घेतलं म्हणजे युद्धाशी संबंध सुटला, असंही समजू नका. त्याचा परवाना कोणालाच मनाई करत नाही. इटलीच्या संरक्षण खात्याने २०१५ मध्येच लिब्रेऑफिसकडे वळायचं ठरवलं. फरक इतकाच की तिथे तुमचा पैसा आणि तुमची माहिती एका मालकाच्या मुठीत जात नाही. मला तो फरक मोठा वाटतो.

इथे क्रॅकचा, म्हणजे सॉफ्टवेअरचं कुलूप तोडून ते फुकट वापरण्याचा, विषय काढणं भाग आहे, कारण आपल्याकडे तो नीतीच्या नावाखाली खपवला जातो. 'कंपनी लुटारू आहे, मग पैसे कशाला द्यायचे, क्रॅक मारून घेऊ.' याने कंपनीचं काहीच बिघडत नाही. तुमच्या फाइली तिच्याच स्वरूपात तयार होतात, तुमची पोरं तिचंच सॉफ्टवेअर शिकतात, आणि अपडेट बंद झाल्यामुळे सभासदांची माहिती उघड्यावर पडते. पैसे देऊन वापरा किंवा सोडा.

आता सोडता येण्याच्या सोयीकडे येतो. ज्यांना नीतीचा प्रश्न पडलेला नाही त्यांनाही ती लागते. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने गुजरातच्या वाडीनारमधली रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर निर्बंध घातले, कारण तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा आहे. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने नायराच्या सेवा थांबवल्या. कर्मचाऱ्यांचं ईमेल बंद. भारतात कायदेशीर चालणारी, पैसे भरलेली कंपनी. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिनाअखेर सेवा पूर्ववत झाल्या. निर्बंध योग्य की अयोग्य यावर मी इथे बोलत नाही. एवढंच सांगतो की तुम्ही कंपनीची नीती तपासत बसलेला असताना, कंपनी कोणाच्या तरी आदेशाने तुम्हालाही तपासू शकते. नायराकडे वकील होते. तुमच्या संस्थेचं ईमेल असं बंद पडलं तर तुम्ही कुठे जाणार?

आणि दूरच्या कंपन्यांवर बोलताना जवळचे व्हेंडर सुटू नयेत. माझ्या अनुभवात आपल्या भागातल्या संस्थांचा सर्वांत जास्त छळ झालाय तो इथल्याच सॉफ्टवेअरवाल्यांकडून. एका दूध सोसायटीला सॉफ्टवेअर बदलायचं होतं. जुन्या व्हेंडरने डेटाबेसचा पासवर्ड दिला नाही. एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) थकबाकी भरली, तरी नाही. शेवटी एक एक्सेल फाइल दिली. उघडली तर रकमा ठीक, पण सभासदांच्या नावांच्या जागी चिन्हांची खिचडी. नावं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या रूपात, नव्हतीच, जुन्या फॉन्टमध्ये भरलेली होती, आणि तो फॉन्ट त्याच्याच सॉफ्टवेअरबरोबर यायचा. रूपांतर करून बघितलं तर जोडाक्षरं तुटली, रफार भलत्याच अक्षरावर गेले, पाटलांचा पाटील राहिला नाही. दोन कारकुनांनी छापील खतावणी पुढ्यात ठेवून दिवाळीच्या तोंडावर सगळी नावं नव्याने टाइप केली, आणि एकाच नावाचे तीन-तीन सभासद गावात असल्याने प्रत्येक नाव वडिलांच्या नावाशी ताडून बघितलं. तो व्हेंडर आपल्या भाषेत बोलायचा, लग्नाला यायचा, स्वदेशीच होता. म्हणून 'देशी आहे' हे नीतीचं प्रमाणपत्र धरू नका. बंगळूरची, चेन्नईची, अमेरिकेची किंवा आपल्या गल्लीतली, प्रश्न सगळ्यांना तेच विचारा. माझा सगळा डेटा, मी मागेन तेव्हा, युनिकोडमध्ये, दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा स्वरूपात देणार का? करारात लिहून देणार का? चूक झाली तर लेखी कळवणार का? माझ्या सर्व्हरवर तुमचा माणूस बाहेरून येतो तेव्हा त्याची नोंद कुठे राहते, आणि ती मला दिसते का? या चौथ्या प्रश्नावर जो चिडतो त्याच्याकडून काही घेऊ नका. होरायझनमध्ये नेमकं हेच वर्षानुवर्षं नाकारलं जात होतं.

तुमच्या पुढच्या मासिक सभेसाठी माझा सल्ला असा आहे. आबांचा आक्षेप इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत नोंदवा, 'चर्चा झाली' एवढं लिहून गुंडाळू नका. ऑफिसचं लिखाण आणि ईमेल नूतनीकरणाच्या तारखेपर्यंत हलवायचा ठराव घ्या, आणि कारण लिहून कंपनीला पत्र पाठवा. पिग्मी अ‍ॅपच्या परवानग्यांचा खुलासा व्हेंडरकडून पंधरा दिवसांत मागवा. कोअर बँकिंगसाठी आत्ता फक्त डेटा बाहेर काढून बघा. सभासद यादी, ठेवी, कर्जं, तारण यांच्या फाइली काढा, त्या व्हेंडरच्या सॉफ्टवेअरशी संबंध नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडा, आणि वीसेक सभासदांची नावं, खाते क्रमांक, शिल्लक पासबुकाशी जुळवा. नावं वाचता येत नसतील तर तुमचं पहिलं भांडण तिथेच आहे, आणि ते आत्ताच करा.

पुढे कधी कोअर बँकिंग बदलायचं ठरलंच, तर मार्चअखेर आणि लेखापरीक्षण आटोपल्याशिवाय सुरुवात करू नका. त्यानंतर किमान एक महिना दोन्ही प्रणाली समांतर चालवा. रोज डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद, झाल्यावर दोन्हीकडून तेरीज (ट्रायल बॅलन्स) काढून समोरासमोर ठेवा आणि पिग्मी एजंटांची जमा त्यांच्या पावत्यांशी ताडा. एक रुपयाचा फरक आला तरी तो कुठून आला हे सापडेपर्यंत जुनी प्रणाली बंद करू नका, आणि तोवर कोणत्याही एजंटच्या कमिशनला हात लावू नका.